डाळिंब, कुटकी आणि १९८० साल : यकृतावरील औषधी संयोगांचा इतिहास

१/
सोलापूरहून पुण्याच्या दिशेने निघाले की शहराजवळच केगाव लागते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून येथे आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या फळाला पहिला मान देणारे एक औषधी तूप चरकसंहितेत आहे. आज पोटाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द वाचून घाबरलेल्या तरुणाला ‘पाच वनस्पतींची एकत्र गोळी’ विकताना नेमका याच प्राचीनतेचा दाखला दिला जातो. तो दाखला कितपत खरा आहे? आजचा धागा याच प्रश्नाचा इतिहास सांगतो.

२/
आधी ते तूप पाहू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळावा अध्याय पांडुरोगाचा. त्यात ‘दाडिमाद्य घृत’ सांगितले आहे. डाळिंब चार भाग, धने दोन भाग, चित्रक एक भाग, सुंठ एक भाग आणि पिंपळी अर्धा भाग. यांचा कल्क पाण्यासह वीस भाग तुपात सिद्ध करायचा. येथे ‘भाग’ म्हणजे पल हे जुने वजन. यादीतील उतरता क्रम लक्षात घ्या. डाळिंब सर्वांत अधिक, पिंपळी सर्वांत थोडी. पाककृतीत मीठ जसे तोलून पडते, तशीच येथे प्रत्येक द्रव्याची मात्रा तोललेली आहे.

३/
हे तूप कशासाठी? ग्रंथ हृद्रोग, पांडू, गुल्म, मूळव्याध, प्लीहेचे विकार अशी नावे घेतो. ‘यकृतात चरबी साचणे’ असा विकार या यादीत नाही. पांडू म्हणजे त्वचेला फिकटपणा आणणारा रोग. त्याच अध्यायात कामला, म्हणजे आपली कावीळ, येते. म्हणून या तुपाला यकृताच्या परिसरातले औषध म्हणता येईल, ‘फॅटी लिव्हर’चे म्हणता येणार नाही. शिवाय हे औषध तुपात शिजवलेले आहे. ज्या रोगात यकृतात चरबी साचते, त्या रोगासाठी हे रचले होते असे म्हणणाऱ्याने निदान या एका गोष्टीपाशी तरी थबकले पाहिजे.

४/
याच अध्यायात दाडिमाद्य घृताच्या शेजारी ‘कटुकाद्य घृत’ येते. त्यातील प्रमुख द्रव्य कटुका, म्हणजे मराठीतील कुटकी. ही वनस्पती महाराष्ट्रात उगवत नाही. हिमालयात सुमारे तीन हजार मीटरच्या वर तिचे मूळ खणून काढावे लागते, आणि अतिउपशामुळे तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आज निर्बंध आहेत. चव इतकी कडू की ‘तिक्ता’ हे तिचे दुसरे नावच पडले. आपल्या कथेत डाळिंब हे दख्खनच्या माळरानाचे पात्र आहे, तर कुटकी हे हिमशिखरांखालचे. पुढील हजार वर्षांत यकृताच्या औषधांत अधिक दूरचा प्रवास कुटकीने केला.

५/
मग जुन्या वैद्यांना अतिपोषणाचा रोग ठाऊक नव्हता काय? होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तेविसावा अध्याय ‘संतर्पणा’विषयी आहे. स्निग्ध, गोड व जड अन्न, नवे धान्य, नवे मद्य, गुळाचे पदार्थ, दिवसा झोप, मऊ आसने आणि हालचालीचा कंटाळा यांतून प्रमेह, कुष्ठ, पांडू, स्थौल्य इत्यादी रोग उद्भवतात, असे तो सांगतो. हे वर्णन वाचताना आजचे कार्यालयीन जीवन डोळ्यांसमोर येते. परंतु संतर्पण एका अध्यायात आहे, यकृतप्लीहेचे विकार दुसऱ्या अध्यायांत. ‘अतिपोषणाने यकृत चरबीने भरते’ ही जोडणी त्या ग्रंथात नाही. ती पुढे सूक्ष्मदर्शकाने करून दिली.

६/
आता या धाग्याचा मुख्य शब्द : संयोग. चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात अन्नाचा परिणाम ठरवणाऱ्या आठ बाबी दिल्या आहेत. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगाचे नियम आणि उपयोग करणारा. त्यांपैकी संयोगाची व्याख्या फार नेमकी आहे. दोन किंवा अधिक द्रव्ये एकत्र आली की त्यांतून असा विशेष परिणाम उत्पन्न होतो, जो त्यांपैकी कोणतेही द्रव्य एकटे उत्पन्न करू शकत नाही. आजच्या औषधशास्त्रात संयुक्त औषधांविषयी बोलताना जो विचार मांडला जातो, त्याचे बीज या व्याख्येत आहे.

७/
पण या व्याख्येनंतर ग्रंथकार उदाहरणे कोणती देतो? मध आणि तुपाचा संयोग. मध, मासे आणि दूध यांचा संयोग. दोन्ही उदाहरणे विरुद्ध आहाराची, म्हणजे अपायकारक संयोगांची आहेत! सुटे असताना निरुपद्रवी असणारे पदार्थ एकत्र येऊन अपाय करतात, हे त्याला प्रथम सांगायचे होते. संयोगानंतर लगेच ‘राशी’, म्हणजे मात्रा, येते, हाही योगायोग नव्हे. ‘सगळी द्रव्ये नैसर्गिक आहेत, मग एकत्र घ्यायला काय हरकत?’ हा आजचा लोकप्रिय युक्तिवाद प्राचीन म्हणून मिरवला जातो. प्राचीन ग्रंथाचे म्हणणे मात्र नेमके उलट आहे.

८/
याच अध्यायात आणखी एक इशारा आहे. तीन द्रव्यांचा अतिवापर करू नये : पिंपळी, क्षार आणि मीठ. पिंपळीला ग्रंथ ‘योगवाही’ म्हणतो. योगवाही म्हणजे ज्या द्रव्याच्या सोबतीला असेल, त्याचा गुण पुढे नेणारी. म्हणजे पिंपळीचे सामर्थ्य मान्य आहे आणि तिच्या अतिरेकाचे भयही मान्य आहे. दाडिमाद्य घृतात ती अर्धाच भाग का, याचा विचार करताना हा इशारा शेजारी ठेवून पाहावा. ही पिंपळी लक्षात असू द्या. धाग्याच्या उत्तरार्धात ती पुन्हा भेटणार आहे, तेव्हा तिच्या हाती हळद असेल.

९/
आता काही शतके पुढे येऊ. तेराव्या शतकाच्या आसपास रचलेला ‘रसरत्नसमुच्चय’ हा रसशास्त्राचा मोठा ग्रंथ. त्यात ‘आरोग्यवर्धिनी’ नावाची गोळी आहे. पारा, गंधक, लोह, अभ्रक आणि तांबे यांचे समभाग, मग त्रिफळा, शिलाजित, गुग्गुळ आणि चित्रकमूळ चढत्या प्रमाणात. शेवटी कुटकी. तिचे प्रमाण किती? बाकी सगळ्या द्रव्यांच्या बेरजेइतके! हे मिश्रण कडुनिंबाच्या पानांच्या रसात खलायचे. म्हणजे गोळीचा निम्मा भाग हिमालयातील एका कडू मुळाचा, आणि उरलेल्या निम्म्यात सगळा धातूंचा व वनस्पतींचा परिवार.

१०/
ही गोळी मूळ ग्रंथात आहे कोठे? कुष्ठाच्या, म्हणजे त्वचारोगांच्या, प्रकरणात. यकृताचे प्रमुख औषध ही तिची आजची ओळख पुढील काळातील वैद्यांच्या अनुभवाने घडवली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक नोंद करून ठेवावी. औषधाचे नाव आणि घटक तेच राहिले, तरी त्याचे काम शतकानुशतके बदलत जाते. म्हणून ‘हे औषध आठशे वर्षे वापरात आहे’ या वाक्यानंतर ‘कोणत्या रोगासाठी?’ हा प्रश्न विचारावाच लागतो. आणि या गोळीत पारा व तांबे आहेत, हेही विसरू नये. तिला ‘निव्वळ वनस्पतीजन्य’ म्हणणे चूक आहे.

११/
एकोणिसाव्या शतकापासून या ज्ञानाचा वाहक बदलत गेला, आणि तो बदल महाराष्ट्रात ठळकपणे घडला. पुण्याच्या आनंदाश्रमाने ‘रसरत्नसमुच्चय’ छापला. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेली चरकसंहिता आली. पनवेलला १८७२ पासून धूतपापेश्वर कारखान्यात शास्त्रोक्त औषधे मोठ्या प्रमाणावर बनू लागली. पूर्वी वैद्य रोगी पाहून खलबत्त्यात औषध घोटत असे. आता तेच औषध छापील पाठानुसार बनून बाटलीत बंद झाले. याचा एक अनपेक्षित लाभ असा की प्रत्येक गोळी सारखी होऊ लागली. सारख्या गोळीचीच परीक्षा घेता येते.

१२/
ती परीक्षा मुंबईत झाली. १९८० साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये डॉ. अंतरकर, डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. विषय : विषाणूजन्य तीव्र काविळीत आरोग्यवर्धिनीची दुहेरी अंध चाचणी. दुहेरी अंध म्हणजे काय? काही रुग्णांना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. कोणाला कोणती, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. संहितेतील संयोगाला अशा कसोटीवर उभे करणे, हे त्या काळी आयुर्वेदाच्या कट्टर समर्थकांनाही अवघड वाटणारे होते आणि कट्टर टीकाकारांनाही.

१३/
ही कसोटी इतकी आवश्यक का होती? कारण विषाणूजन्य कावीळ पुष्कळदा आपोआप बरी होते. महाराष्ट्रात कावीळ उतरवणाऱ्यांची परंपरा गावोगाव आढळते. कोणी गळ्यात माळ घालतो, कोणी पाल्याचा रस देतो. रुग्ण बरा होतो आणि श्रेय माळेला मिळते. जो रोग स्वतःहून ओसरतो, त्यात कोणतेही औषध यशस्वी वाटते. म्हणून तुलनेसाठी निष्क्रिय गोळी घेणारा गट हवाच. कडू कुटकीचा गुण आणि शरीराचा स्वतःचा गुण यांना वेगळे करण्याचा दुसरा मार्ग नाही.

१४/
हा धागा मुंबईत पुढे चालू राहिला. १९९६ मध्ये डॉ. वैद्य, डॉ. अंतरकर आणि सहकाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये केवळ कुटकीवरील अभ्यास प्रसिद्ध केला. ३३ रुग्ण. १५ जणांना ३७५ मिलिग्रॅम कुटकी दिवसातून तीनदा, दोन आठवडे. १८ जणांना निष्क्रिय औषध. रक्तातील बिलिरुबिन सरासरी २.५ मिलिग्रॅम टक्क्यांपर्यंत उतरायला निष्क्रिय गटात ७५.९ दिवस लागले, कुटकीच्या गटात २७.४४ दिवस. त्याच निबंधात यकृताला रासायनिक इजा केलेल्या उंदरांवरील प्रयोगही आहे. कुटकी दिलेल्या उंदरांच्या यकृतातील चरबीचे प्रमाण घटल्याचे त्यात नोंदवले आहे.

१५/
हे आकडे आशादायक आहेत, पण त्यांची मर्यादा त्यांच्यातच लिहिलेली आहे. रुग्ण ३३. रोग विषाणूजन्य कावीळ. अवधी दोन आठवडे. यकृतातील चरबी मोजली ती उंदरांत, माणसांत नव्हे. आणखी एक गोष्ट पाहा. १९८० मध्ये परीक्षा झाली संपूर्ण संयोगाची, १९९६ मध्ये त्यातील एका घटकाची. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तर कुटकीतूनही दोन संयुगे, पिक्रोसाइड एक आणि कुटकोसाइड, ठरावीक प्रमाणात असलेला अंश वेगळा करून त्याला ‘पिक्रोलिव्ह’ नाव दिले. म्हणजे विज्ञान संयोग उलगडत गेले. पण एकाच मुळाच्या पोटातही त्याला अखेर संयोगच सापडला.

१६/
यशानंतर सावध का राहावे, हे मद्रासच्या प्रकरणातून शिकता येते. भुईआवळी ही पावसाळ्यात आपल्या शेताच्या बांधावर उगवणारी वनस्पती. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मद्रासचे त्यागराजन आणि हिपॅटायटिस बी विषाणूच्या शोधाचे नोबेल मानकरी बरुच ब्लुमबर्ग यांच्या गटाचा निबंध आला. भुईआवळी घेणाऱ्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, निष्क्रिय गटात २३ पैकी एकाच्या. जगभर खळबळ उडाली. पुढे थायलंड, न्यूझीलंड येथे चाचण्या झाल्या आणि तसा परिणाम दिसला नाही. नोबेल मानकऱ्याचे नाव पाठीशी असले, तरी एकच चाचणी म्हणजे सिद्धी नव्हे.

१७/
आता १९८० कडे परत वळू. मुंबईत आरोग्यवर्धिनीचा निबंध छापला गेला त्याच वर्षी अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात मेयो क्लिनिकचे विकृतिशास्त्रज्ञ युर्गेन लुडविग यांनी २० रुग्णांचा एक निबंध प्रसिद्ध केला. या रुग्णांचे यकृत सूक्ष्मदर्शकाखाली मद्यपी माणसाच्या यकृतासारखे दिसत होते. चरबी साचलेली, दाह झालेला. पण हे लोक तसे मद्यपी नव्हते. पुष्कळ जण स्थूल होते, अनेकांना मधुमेह होता. या आजाराला तोवर नावच नव्हते. लुडविग यांनी ते दिले : मद्यपानाविना होणारा चरबीयुक्त यकृतदाह.

१८/
या योगायोगाकडे जरा थांबून पाहा. मुंबईत संयोगाला कसोटी मिळाली आणि रॉचेस्टरमध्ये रोगाला नाव मिळाले, एकाच वर्षी. परंतु दोघांची भेट झालेली नव्हती. मुंबईची गोळी विषाणूजन्य काविळीसाठी तपासली होती, चरबीसाठी नव्हे. पुढे ‘फॅटी लिव्हर’ घरोघरी पोहोचले, तेव्हा बाजाराने ही भेट परस्पर लावून दिली. ‘यकृतासाठी उत्तम’ एवढ्या मोघम शब्दांत विषाणूची कावीळ, दारूचे यकृत आणि चरबीचे यकृत एकाच पिशवीत भरले गेले. पुरावा एका रोगाचा आणि जाहिरात दुसऱ्या रोगाची, हा सांधा तेथे जुळवला गेला.

१९/
आपल्याकडे हा रोग इतका का आढळतो? याचे एक उत्तर पुण्यातून आले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापली. दोघांचा शरीरवस्तुमान निर्देशांक एकच : २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी आत दडून बसते. ‘मी तर बारीक आहे, मला कसले फॅटी लिव्हर?’ असे म्हणणाऱ्याने ही जोडी आठवावी.

२०/
आता पिंपळी परत येते. पिंपळी आणि मिरी या दोन्हींत पिपेरीन नावाचे संयुग असते. हळदीतील कुर्क्युमिन शरीरात नीट शोषले जात नाही, ही संशोधकांची जुनी अडचण. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील गटाने निरोगी माणसांना दोन ग्रॅम कुर्क्युमिनसोबत केवळ २० मिलिग्रॅम पिपेरीन दिले. उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढल्याची नोंद झाली. शंभरास एक हे प्रमाण! ‘योगवाही’ या जुन्या शब्दाला इतके समर्पक आधुनिक उदाहरण क्वचितच मिळेल. त्यानंतर हळद आणि मिरीच्या अर्काच्या एकत्र गोळ्यांनी बाजार भरून गेला.

२१/
परंतु चरकाचा दुसरा अर्धा इशाराही खरा ठरला. औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतील संशोधन-जाळ्याने २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांशी निगडित दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. एकाचा मृत्यू झाला होता. दहांपैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण आढळली. तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तिनांत पिपेरीनही होते. आमटीतील चिमूटभर हळद आणि गोळीतील घट्ट अर्क यांत राशीचा फरक आहे. काय खाल्ले, किती खाल्ले, कशासोबत खाल्ले आणि कोणी खाल्ले : जुन्या आठ बाबींपैकी चार येथे एकाच वेळी साक्ष देतात.

२२/
असा अनुभव आपल्या राज्यातही आला. करोनाकाळात, २०२० च्या अखेरच्या महिन्यांत, मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण पाहिले आणि २०२१ मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती होती, असा प्रश्न उपस्थित केला. वाद कडवा झाला. पण त्यातून एक गोष्ट दोन्ही पक्षांनी मान्य केल्यासारखी झाली : वनस्पतीची ओळख, मात्रा आणि घेणाऱ्याची प्रकृती यांच्याविना ‘नैसर्गिक’ हा शब्द कसलीही हमी देत नाही.

२३/
आणि आपले डाळिंब? त्याच्या सालीत आणि रसात प्युनिकॅलॅजिनसारखी संयुगे असतात. आतड्यांतील जिवाणू त्यांचे रूपांतर ‘युरोलिथिन’ नावाच्या संयुगांत करतात. पण प्रत्येकाच्या आतड्यांतील जिवाणू सारखे नसतात, म्हणून एकाच्या शरीरात ही संयुगे भरपूर तयार होतात, दुसऱ्याच्या नाममात्र. म्हणजे फळ, जिवाणू आणि माणूस यांचाही एक संयोगच आहे, आणि तो कोणत्याही बाटलीवर छापता येत नाही. केगावच्या केंद्राने ‘सोलापूर लाल’, ‘सोलापूर अनारदाना’ अशी वाणे दिली आहेत. ती आनंदाने खावीत, पण सोनोग्राफीच्या अहवालावरचा उतारा म्हणून नव्हे.

२४/
आजची स्थिती थोडक्यात अशी. २०२३ मध्ये तज्ज्ञांनी या रोगाचे नाव बदलून त्यात चयापचयाचा उल्लेख आणला. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत यकृत बरेच कठीण झालेल्या रुग्णांसाठी रेस्मेटिरोम या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली, तीही आहार आणि व्यायामाच्या जोडीने. वजन ७ ते १० टक्क्यांनी उतरले की यकृतातील चरबी आणि दाह कमी होतो, हा सर्वांत भक्कम पुरावा. ‘संतर्पणा’च्या अध्यायातील दोषांची यादी उलटी वाचली, तर जवळपास हाच सल्ला हाती येतो. प्राचीन ग्रंथाचा या रोगाशी खरा संबंध तेथे आहे, आणि त्यासाठी कुटकीची गरज पडत नाही.

२५/
सोलापुरात सेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि १९६३ पासून डॉ. वैशंपायन यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. एकाच घरातला रुग्ण दोन्हीकडे जातो, आणि पुष्कळदा एकीकडचे औषध दुसरीकडे सांगत नाही. हा न सांगितलेला संयोग सर्वांत धोक्याचा. घरात कोणी यकृतासाठी काढा, अर्क किंवा गोळी घेत असेल, तर तिचे वेष्टण घेऊन डॉक्टरांकडे जा आणि वैद्यांना रक्ततपासणीचा अहवाल दाखवा. इतिहासाच्या अभ्यासकाला साधने लपवलेली खपत नाहीत. रुग्णानेही ती लपवू नयेत.

२६/
सारांश असा. संयोगाची कल्पना आपली आहे, जुनी आहे आणि खोल आहे. पण तिच्या व्याख्येतच सावधगिरी गुंफलेली आहे. मुंबईच्या संशोधकांनी १९८० मध्ये परंपरेचा खरा मान राखला, कारण त्यांनी तिला प्रश्न विचारण्याइतके गांभीर्याने घेतले. ‘आमच्या ग्रंथात सगळे आहे’ म्हणणारा आणि ‘त्यात काहीच नाही’ म्हणणारा, दोघेही ग्रंथ न उघडताच बोलत असतात. तुम्ही मात्र उघडा. आणि कोणत्याही बाटलीवर ‘प्राचीन योग’ असे शब्द दिसले, तर तीन प्रश्न विचारा : कोणत्या रोगासाठी? किती मात्रेत? आणि कोणी तपासले?

धागा येथे संपतो.